तळोशीच्या पाण्यावर

"शेवटचं रीळ पुन्हा लाव," भालचंद्र म्हणाले.

क्लबातले दिवे नुकतेच लागले होते. बायका पदरानं डोळे पुसत पायांनी चपला चाचपत होत्या. पुरुष मंडळी सिगारेटी पेटवायला व्हरांड्यात निघाली होती. निरंजन प्रोजेक्टरपाशी उभा राहून आवराआवर करत होता. त्याला वाटलं, चेष्टा चालली आहे.

"भालू, लोकांना घरी जाऊन जेवायचंय."

"लोकांना जाऊ दे. आपण तिघं बघू."

चेष्टा नव्हती. भालचंद्र खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसले. क्लब रिकामा झाला, निरंजननं दिवे घालवले आणि त्या सिनेमाचा शेवट आम्ही तिघांनी पुन्हा पाहिला.

भालचंद्र माझे पती. ते असेपर्यंत मी त्यांना नावानं कधी हाक मारली नाही. आता सांगताना मात्र नाव घेते, नाहीतर 'हे' कोण आणि 'ते' कोण यात ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. साताऱ्यापलीकडे डोंगरात एक धरण नुकतंच पुरं झालं होतं. भालचंद्र तिथं उपअभियंता होते. वसाहतीत करमणूक अशी एकच, शनिवारी संध्याकाळी पुण्याहून येणारा सिनेमा. बहुतेक वेळा इंग्रजी, जुना, काळापांढरा.

त्या दिवशीचा सिनेमा अमेरिकेतल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावातला होता. दोन मित्र, दोघांची मिळून मासेमारीची एक बोट, आणि त्यातल्या एकाची बायको. दुसऱ्याचा तिच्यावर जीव, तिचाही त्याच्यावर. नवऱ्याला ते कळलेलं, पण तो चकार शब्द काढत नाही. शेवटी एका वादळी सकाळी तो मित्राला घेऊन समुद्रात जातो आणि परत येतो तो एकटा मित्र. बोटीवर काय झालं ते सिनेमा दाखवतच नाही. धक्क्यावर ती उभी असते, तो उतरतो, दोघं एकमेकांकडे बघतात, संपतं.

व्हरांड्यात त्यावरून वाद जुंपला होता. "ढकलला असणार त्यानं," वर्टीकरांची कमलिनी म्हणत होती. तिचा नवरा म्हणत होता, "छे! नवरा मारायला गेला आणि स्वतःच पडला."

दुसऱ्यांदा रीळ संपलं तेव्हा भालचंद्र उठले आणि म्हणाले, "चांगलं जमवलंय."

कोणी, काय, ते बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. 

निरंजन राजाध्यक्ष भूगर्भ खात्यात होता. पुण्याला शिकताना तो आणि भालचंद्र वसतिगृहात एका खोलीत राहत. धरणाच्या भिंतीखालच्या खडकातून पाणी झिरपतं का ते तपासायला एक माणूस हवा होता. भालचंद्रांनी मुंबईपर्यंत खटपट करून निरंजनला मागून घेतलं. दिवाळीत तो आला. लग्न केलेलं नव्हतं. त्याला मी भाऊजी म्हणायची, तो मला वहिनी म्हणायचा, आणि आल्या दिवसापासून भालचंद्रांनी फर्मान काढलं की निरंजन दोन्ही वेळा आपल्याकडेच जेवेल.

क्लबाचं बंद पडलेलं यंत्र निरंजननं दुरुस्त केलं आणि तेव्हापासून सिनेमा तोच दाखवू लागला. मी इंटरपर्यंत शिकलेली. इंग्रजी वाचायला यायचं, पण ती अमेरिकन माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलायची. भालचंद्रांनी माझी खुर्ची उचलून प्रोजेक्टरशेजारी ठेवली. "हिला समजत नाही, तू सांग," असं निरंजनला बजावलं. मग यंत्राच्या खरखरीत तो वाकून एकेक वाक्य मराठीत सांगे. पडद्यावरचा माणूस त्या बाईला जे काही म्हणे, ते मला निरंजनच्या आवाजात ऐकू येई.

एकदा मी सहज मान वळवली. सगळे पडद्याकडे बघत होते. भालचंद्र भिंतीला टेकून उभे होते आणि आमच्याकडे बघत होते.

चिडलेला माणूस मला कळतो. माझे वडील चिडत, ताट भिरकावत, अर्ध्या तासानं निवत. भालचंद्र चिडत नव्हते. ते फक्त बदलत चालले होते. एका संध्याकाळी निरंजन कुठल्याशा मुकादमाची नक्कल करून दाखवत होता. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात खळ्ळकन आवाज झाला. भालचंद्रांच्या हातातला कप फरशीवर फुटला होता. ते कपाकडे बघत नव्हते, स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"सुटला," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात आणखी एक सुटला. तेव्हाही मी हसत होते.

मग त्यांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं. "तिथं वारा चांगला येतो," म्हणाले. पूर्वी फिरायला जाताना चढ आला की ते माझा हात धरत, ते बंद झालं. आपला कॅमेरा, ज्याला मला कधी हात लावू दिला नव्हता, तो त्यांनी निरंजनला देऊन टाकला. नंतर गरम कोट दिला. निरंजननं नको नको म्हटलं तर म्हणाले, "घे रे. पुढं तुलाच लागणार आहे."

आणि आम्हा दोघांना ते मुद्दाम बाहेर पाठवू लागले. साताऱ्याहून किराणा आणायचाय, जा. पडद्यांचं कापड बघायचंय, निरंजनला घेऊन जा. जीप चालवायला शिक त्याच्याकडून. परत आलं की समोर बसवून विचारत, "काय काय बोललात?" आवाज चढा नाही, काही नाही. तलाठ्यानं जबानी घ्यावी तसा.

कमलिनी एकदा माझ्या ओट्यापाशी भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "शरयू, राग मानू नकोस. तुझा नवरा फार थंड आहे गं. तापट माणूस परवडतो. थंड माणसाची मला भीती वाटते."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच असू दे. पण जपून राहा. आणि त्या राजाध्यक्षांनाही सांग."

फेब्रुवारीत साताऱ्याहून येताना घाटात जीप तापली. बॉनेट उघडून ठेवून निरंजन आणि मी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. खाली धरणाचं पाणी पसरलेलं दिसत होतं, निळं नाही, शिशासारखं.  मग तो म्हणाला, "शरयू, उन्हात नको बसू. इकडे सरक."

'वहिनी' गळून पडलं होतं. 'तुम्ही'ही गेलं होतं. मी त्याला अडवलं नाही. सावलीत सरकले. एवढंच झालं, याहून काही झालं नाही, पण घरी पोचेपर्यंत माझा चेहरा पेटल्यासारखा होता.

भालचंद्र ओसरीवर वाट बघत बसले होते.

"आज काय म्हणाला निरंजन?"

"काही नाही. जीप तापली होती."

"नावानं हाक मारली का तुला?"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. कांदे घरंगळत पायरीवरून अंगणात गेले. मी ते वेचायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. वर बघायची हिंमत नव्हती. भालचंद्रांनी पुन्हा विचारलं नाही. उठून आत गेले आणि जाताना म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर मी निरंजनला गाठलं. त्याच्या खोलीबाहेर दगडांचे नमुने मांडून ठेवलेले असत. तो त्यांवर रंगानं आकडे घालत होता.

"तुम्ही बदली मागून घ्या," मी म्हटलं. "आजच्या आज. यांना सगळं कळलंय."

"काय कळलंय? कळण्यासारखं काय आहे?"

"ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. ते काहीतरी ठरवतायत, भाऊजी. मला दिसतंय. तुमच्या जिवाचं बरंवाईट होईल."

त्यानं कुंचला खाली ठेवला. "भालू मला काही करणार नाही."

"कशावरून?"

तो उत्तर देणार होता, पण त्यानं तोंड फिरवलं. "मला माहीत आहे," एवढंच म्हणाला आणि पुन्हा आकडे घालू लागला.

एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं. धरणाच्या पोटात तळोशी नावाचं गाव बुडालं होतं. माणसं वर माळावर नेऊन वसवली, पण महादेवाचं देऊळ तसंच खाली राहिलं होतं. त्या उन्हाळ्यात प्रथमच त्याचं शिखर पाण्याबाहेर आलं. वसाहतीत सगळे त्याबद्दल बोलू लागले. एका रविवारी चहा पिताना भालचंद्र म्हणाले, "आज आपण लाँच घेऊन शिखर बघायला जाऊ."

"वर्टीकरांनाही विचारते," मी लगेच म्हटलं. "कमलिनी कधीची म्हणतेय."

"नको. आपण तिघंच."

"मग लाँच चालवायला तांडेल तरी..."

"तांडेलला आज सुट्टी दिलीय. मला येते चालवता."

त्यांनी साइटवरचे जाड बूट घातले आणि पाय माझ्यापुढे केले. "नाड्या बांध. कंबर धरलीय माझी." मी बांधल्या. "घट्ट बांध," ते म्हणाले. मग खुंटीवरचा खाकी ओव्हरकोट अंगात चढवला.

"एवढ्या उन्हात?"

"पाण्यावर वारा असतो."

बाहेर पानही हलत नव्हतं. वाटेत त्यांनी मला परत पाठवलं, मागची खिडकी उघडी राहिली असेल म्हणून. खिडकी लावलेलीच होती. मी धावत धक्क्यावर आले तेव्हा दोघं एकमेकांपासून लांब, एक या टोकाला नि एक त्या टोकाला उभे होते. निरंजनचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, भांडण झालं.

लाँचमध्ये चढता चढता माझी नजर आतल्या भिंतीकडे गेली. बुडणाऱ्याकडे टाकायची ती लाल-पांढरी कडी तिथं खुंट्यांवर टांगलेली असत. नेहमी तीन. आज दोन होती. निरंजनला पोहता येत नव्हतं, सगळ्या वसाहतीला ते माहीत होतं. मला येत होतं, थोडंफार. भालचंद्र कृष्णाकाठचे, पुरात उडी टाकणारे.

मी निरंजनच्या कानाशी पुटपुटले, "उतरा. पोटात दुखतंय म्हणा. काहीही सांगा."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बस, शरयू."

लाँच निघाली. भालचंद्र चाक धरून उभे होते. बोटांनी नव्हे, मनगटं टेकवून. कोटाचे खिसे दोन्ही बाजूंना जड लोंबत होते आणि वळण आलं की मांड्यांवर आपटत होते.  वसाहत मागे लहान होत गेली, मग डोंगराच्या सोंडेआड गेली. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आले होते. एका शेंड्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. लाँच जवळून गेली तरी ते उडाले नाहीत.

शिखर अपेक्षेपेक्षा लहान होतं. शेवाळानं काळंहिरवं झालेलं, कळस गेलेला, माणसाच्या डोक्याएवढंच पाण्यावर. भालचंद्रांनी इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की लाँचच्या पोटावर आपटणारं पाणी मोजून घ्यावं.

"देवळामागं नदीचा जुना डोह. इथं सगळ्यात खोल आहे," ते म्हणाले.

मी उठून दोघांच्या मध्ये उभी राहिले. ठरवून नाही, पायच तिथं गेले. भालचंद्रांनी भिंतीवरचं एक कडं दोन्ही मनगटांनी उचललं आणि मला बाजूला सारून निरंजनपुढे धरलं.

"घाल हे."

"कशाला, भालू?"

"तुला पोहता येत नाही. घाल."

निरंजननं ते मुकाट्यानं गळ्यात घातलं. दुसरं कडं त्यांनी माझ्यापुढे केलं.

"आणि तुम्हाला?" मी विचारलं.

"मला पोहता येतं."

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी उलटं फिरलं. इतके महिने मी ज्या बाजूनं बघत होते ती बाजूच चुकीची होती. मी कडं घेतलं नाही. हात पुढे करून त्यांचा कोटाचा खिसा चाचपला. आत दगड होते. दुसऱ्या खिशातही दगड. आणि पायांत बूट होते, मी स्वतः घट्ट बांधलेले.

"अहो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "हे काय आहे?"

ते बाकावर बसले. एकदम थकल्यासारखे. मग त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला. अंगठ्याखालचा मांसल भाग खंगून खड्डा पडला होता. मी किती दिवसांत तो हात पाहिला नव्हता!

"बोटं गेली," ते म्हणाले. "आधी ही, आता उजवीही जातायत. मग पाय. मग जीभ. शेवटी श्वास. मुंबईच्या डॉक्टरांनी दिवाळीआधीच सांगितलंय. स्नायू झिजत जातात. यावर औषध नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू थांबली असतीस."

"म्हणजे काय! थांबलेच असते."

"म्हणून नाही सांगितलं." ते पाण्याकडे बघत होते. "लाँच कलली, तोल गेला, बुटांमुळे वर येता आलं नाही. दोन साक्षीदार. कुणी जीव दिला म्हणणार नाही, कुणी तुला बोल लावणार नाही. वर्षभरानं तुम्ही दोघांनी लग्न करायचं."

"तुम्ही ठरवलंत."

"तुला तो आवडतो, शरयू."

"कुणी सांगितलं?"

"तुला बघायला आलो होतो तेव्हा निरंजन माझ्याबरोबर होता. पोह्यांची बशी तू आधी त्याच्यापुढे ठेवलीस. तुला वाटलं, मुलगा तोच. छान हसलीस त्याच्याकडे बघून. मग तुझ्या मामांनी माझ्याकडे हात केला. तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिलाय." ते थांबले. "तू संसार चोख केलास. माझी तक्रार नाही. पण तसं हसू मला कधी दिसलं नाही."

ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, कमलिनीला नाही. स्वतःलाही धड नाही. आणि हा माणूस लग्नाच्या आधीपासून ते जाणत होता आणि माझ्याबरोबर राहत होता.

मी निरंजनकडे वळले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"आजाराचं माहीत होतं," तो म्हणाला. "दिवाळीत सांगितलं त्यानं. म्हणाला, शरयूजवळ कुणीतरी आपलं असायला हवं."

"मग ते सिनेमातलं सांगणं, ती नक्कल, ते मोरीवर नाव घेणं, सगळं यांच्या सांगण्यावरून?"

तो गळ्यातल्या कड्याशी चाळा करत राहिला. त्या लाल-पांढऱ्या कड्यात तो विदूषकासारखा दिसत होता आणि मला त्याची दया येत होती, संताप येत होता.

"आधी आधी," तो म्हणाला. "नंतर नाही."

खरं असेल. पण 'आधी आधी' कुठं संपलं आणि 'नंतर' कुठून सुरू झालं, हे मला कोण सांगणार होतं? दोघांनी बसून माझं सगळं ठरवून टाकलं होतं. वडिलांनी आणि मामांनी ठरवलं होतं तसंच. घर बदलताना कपाट कुठं ठेवायचं ते ठरवतात तसं.

भालचंद्र उठून कठड्याकडे सरकले. मी त्यांच्या कोटाला धरून त्यांना खाली बसवलं. त्यांनी मला ढकललं. ढकललं म्हणजे, हात माझ्या खांद्यावर येऊन टेकला आणि घसरला. त्या हातात काही उरलंच नव्हतं. मग मी लाँचच्या तळाशी बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले. गाठी मीच घट्ट आवळल्या होत्या. नखं मोडली. ते म्हणत होते, "नको, शरयू. तुला कळत नाहीये पुढं काय आहे ते. नको." मी एक बूट पाण्यात टाकला, मग दुसरा. मग खिशातले दगड काढले आणि एकेक करून फेकले. प्रत्येक दगडाला ते डोळे मिटून घेत होते.

निरंजन बाकावर बसून होता. तो जागचा हलला नाही.

"इंजिन कसं सुरू करायचं ते सांगा," मी भालचंद्रांना म्हटलं.

त्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. मग म्हणाले, "आधी तो खटका खाली घे."

निरंजन महिन्याभरात बदली घेऊन नागपूरला गेला. भालचंद्रांनी नोकरी सोडली आणि आम्ही सांगलीला माझ्या माहेराजवळ घर घेतलं. डॉक्टर म्हणाले होते त्याहून ते खूप जास्त जगले, सहा वर्षं. सगळं त्यांनी सांगितल्याच क्रमानं झालं. पाय गेले, जीभ गेली. मी एका शाळेत शिकवू लागले. दुपारी आई त्यांच्यापाशी बसे. सोपं नव्हतं. दोघंही किती वेळा एकमेकांना विटलो असू. बोलता येत होतं तेव्हा ते एकदा म्हणाले, "वर्षभर मला तुझा फार राग होता."

"आणि मग?"

"मग राग धरायलाही ताकद लागते." आणि हसले. त्यांचं हसणं तेव्हाच वाकडं व्हायला लागलं होतं.

शेवटच्या वर्षी ते फक्त डोळे हलवू शकत. तेरावं झाल्यावर काही दिवसांनी निरंजन आला. केस पिकले होते. लग्न अजूनही केलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत बसला, भालचंद्रांच्या फोटोकडे बघत राहिला. मी चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "शरयू, आता मी स्वतःहून विचारतोय. कुणाच्या सांगण्यावरून नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी विचारत होतं. खोटं कशाला सांगू, मला ते हवंहवंसं वाटलं. आईचंही मन होतं. मी होच म्हणणार होते. फक्त एक गोष्ट सहा वर्षं माझ्या मनात अडकून होती.

"भाऊजी," मी म्हटलं, "त्या दिवशी यांनी मला खिडकी बघायला परत पाठवलं होतं. मी धक्क्यावर आले तेव्हा तुमचा चेहरा पडलेला होता. काय झालं होतं?"

तो कप फिरवत राहिला.

"काही नाही. त्यानं मला मिठी मारली."

"म्हणजे?"

"एवढ्या वर्षांत कधी मारली नव्हती. तसा नव्हताच तो. कोटाच्या खिशातलं माझ्या बरगडीला टोचलं."

"तेव्हा कळलं तुम्हाला?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"आणि तरी लाँचमध्ये बसलात. मी उतरा म्हणत होते तर मलाच बस म्हणालात."

"मला वाटलं, तो सुटेल," निरंजन म्हणाला. "त्याला तेच हवं होतं. आणि मला वाटलं..." तो थांबला.

"बोला."

"आपणही सुटू."

स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती. तिचं लावून झालं तरी आम्ही दोघं तसेच बसून होतो. शेवटी मीच उठले.

"तुम्ही निघा," मी म्हटलं. "तुमची गाडी चुकेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.  चपला घातल्या, पायऱ्या उतरला. फाटकाची कडी आतून जरा अवघड होती. नव्या माणसाला ती निघत नसे, उचलून डावीकडे ओढावी लागे. तो एका हातानं प्रयत्न करत राहिला, मग पिशवी खाली ठेवून दोन्ही हातांनी. एकदा त्यानं मागे वळून पाहिलं. मी दारात उभी होते. त्याला कडी काढायला बराच वेळ लागला. मी पुढे गेले नाही.